चिमण्याचा सौदा

चांगदेव मास्तरांनी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली आणि ती एका बैलावर लिहिली. ते निरगुडसरच्या शाळेत मराठी शिकवत, त्यामुळे वर्गातल्या मुलांना ती वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाकी कुणी वाचल्याचा पुरावा नाही. तरी दोन हजार दोन साली मंचरच्या सुवालालशेठनी तिच्यावर सिनेमा काढायचं ठरवलं. शेठजींचं कापडाचं दुकान. मुलगा पारस पुण्यात दिग्दर्शनाचा कोर्स करून आलेला. तो गल्ल्यावर बसला की दोन्ही हातांची चौकट करून गिऱ्हाइकाकडं बघायचा आणि बायका बिचकून शेजारच्या दुकानात शिरायच्या. त्यापेक्षा सिनेमा परवडला, असं शेठजींचं मत पडलं.

कादंबरी साधी होती. चिमण्या नावाचा, अंगानं ट्रॅक्टरएवढा बैल. गाड्याच्या शर्यतीत नाव काढतो, मग वय होतं आणि मालक त्याला बेल्ह्याच्या बाजारात विकतो. बैल टेंपोत चढतो, मागं वळून बघत नाही. मालकही पाठ फिरवून चालू लागतो. संपलं. या शेवटासाठीच आपण एवढी पानं लिहिली, असं मास्तरांचं म्हणणं होतं. "शेठ, बाकी काय वाटेल ते बदला, पण शेवट तेवढा राहू द्या," असं त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं.

यातलं "काय वाटेल ते बदला" शेठजींना ताबडतोब पटलं. चिमण्याला एक कुत्रा मित्र मिळाला. दोन विनोदी चोर आले. उसाच्या फडात गाणं आलं.

"मास्तर, बैल बोलणार कधी?" शेठजींनी विचारलं.

"बैल बोलत नाही, शेठ."

"निदान मनातल्या मनात?"

"मनातही नाही."

"मग तो काय विचार करतो, ते पब्लिकला कळायचं कसं?"

"मालकाला तरी कुठं कळतं? तीच तर गोष्ट आहे!"

शेठजींनी पारसकडं पाहिलं. पारसनं हाताची चौकट करून मास्तरांकडं पाहिलं.

"बरं, नको बोलू दे," शेठजी म्हणाले. "पण शेवट बदलायचा. माणसं पोरंबाळं घेऊन येणार, त्यांना काय रडवून घरी धाडू? बैल दावं तोडतो, पळत घरी येतो, दारात पोराचा गाल चाटतो. फायनल."

"बेल्ह्याहून निरगुडसरला? मधे कुकडी आडवी आहे, शेठ!"

"पारस, पोहताना स्लो मोशन घे."

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. पण करारावर सही होऊन गेली होती.

बाजाराचा प्रसंग आधी घ्यायचा आणि बैल घरी परततो तो पुढच्या आठवड्यात, असं ठरलं. चिमण्या म्हणून घेतलेला बैल गावातल्या गेणूभाऊंचा होता. एक शिंग वर, एक खाली, त्यामुळे लाखात ओळखू यावा असा. भर बाजारात कॅमेरा लागला. मालकाचं काम करणारा पुण्याचा नट आणि व्यापारी झालेला दुसरा नट समोरासमोर बसले. बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात, म्हणजे बघ्यांना कळत नाही. हे मास्तरांनी कादंबरीत दोन पानं लिहिलं होतं. पण नटानं टॉवेलखाली हात घातला आणि लग्नात आहेर दिल्यावर करतात तसं हस्तांदोलन केलं.

"अरे, हे काय?" मास्तर कॅमेऱ्यापुढं धावले. "निदान हे तरी खरं करा!"

"सर, मग तुम्हीच बसा," पारस वैतागून म्हणाला. "लांबून घेतोय, कुणाला काय कळतंय."

मास्तर बसले. नटाचं धोतर नेसले, फेटा बांधला. एवढ्यावर न थांबता समोरचा नट उठवून खरा व्यापारी मागितला. सोमाजी नावाचा व्यापारी मघापासून चिमण्याभोवती घोटाळत होता, तो खुशीनं आला. टॉवेल पडला. बोटं चालू झाली. कादंबरीतल्यासारखे मास्तर दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा सोमाजीची बोटं दाबली आणि टॉवेल काढून हातावर हात मारला. सोमाजीनं बंडीतून नोटा काढून त्यांच्या हातात ठेवल्या. सिनेमाच्या नोटा इतक्या मळक्या कुठून मिळवल्या, याचं मास्तरांना कौतुक वाटलं. सोमाजीनं दावं सोडलं. चिमण्या रवंथ करत टेंपोत चढला. मागं वळून पाहिलं नाही. मास्तरांना भरून आलं.

मग टेंपो सुरू झाला. मास्तरांनी नोट उजेडात धरली. तिच्यात गांधीजींचा पाण्याचा शिक्का दिसला. नोट खरी होती.

"ओ! सोमाजीराव! शूटिंग आहे हे!"

"शूटिंग तुमचं, पावणं, सौदा माझा!" टेंपोतून आवाज आला. "हातावर हात पडला न्हवं?"

मास्तर ओरडत धावले. फेटा सुटला, धोतराचा सोगा पायात आला आणि ते रस्त्यातच गुडघ्यावर बसले. टेंपो आळेफाट्याकडं गेला. मास्तर रंगात आले आहेत अशा समजुतीनं पारसनं कॅमेरा चालूच ठेवला होता.

गेणूभाऊ भजी खाऊन आले. मास्तरांनी नोटा पुढं केल्या. भाऊंनी अंगठ्याला थुंकी लावून त्या मोजल्या.

"मास्तर, तीन बाजार फिरलो, एवढा भाव न्हाई आला राव! आता व्हऱ्याला बी तुमीच इकून द्या."

"व्हऱ्या कोण?"

"ह्याच्या जोडीचा. त्यो तर लई मारका हाय."

सोमाजीनं चिमण्याला दुसऱ्याच दिवशी नगरकडं खपवला. तसली शिंगं जिल्ह्यात दुसऱ्या बैलाला नव्हती. परतायला बैलच उरला नाही. शेठजींनी दोन दिवस कपाळाला हात लावला आणि सिनेमा बाजारातच संपवला. मास्तर वरवर हळहळले. घरी त्यांनी बायकोला श्रीखंड आणायला सांगितलं.

सिनेमा मंचरला लागला. कुत्र्याला कुणी हसलं नाही. चोर आले तेव्हा पोरांनी पॉपकॉर्नच्या पिशव्या फोडल्या. उसातल्या गाण्याला निम्मं थिएटर वडापावला गेलं. मग बाजार आला. टॉवेल पडला, बोटं हलली, बैल टेंपोत चढला आणि एक म्हातारा शेतकरी फेटा सुटलेला, धोतर सावरत त्याच्यामागं धावला. आवाज पारसनं काढून टाकला होता, नुसती बासरी होती. म्हातारा रस्त्यात कोसळला. पडदा काळा झाला.

थिएटरात कुणी हललं नाही. बायका पदर डोळ्याला लावून बसल्या. एक पोरगी मोठ्यानं रडली आणि सगळी रडायला लागली. पुढच्या रांगेत गेणूभाऊ हुंदके देत होते. "माझा चिमण्या रं..."

आपण त्या वेळी नेमकं काय ओरडत होतो, ते एकट्या मास्तरांना माहीत होतं. "अहो, हा माझा बैल नाही हो!" पण त्यांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते का, हे त्यांना सांगता आलं नसतं. आपल्या पुस्तकातला मालक पाठ फिरवून चालू लागतो. तो वाचून आजवर कुणी रडलं नव्हतं.

शेजारी सुवालालशेठनी रुमालात नाक शिंकरलं आणि मास्तरांचा हात धरला.

"मास्तर, मालक असा धावतो हे तुमच्या पुस्तकात आहे, एवढं आधी सांगितलं असतंत, तर मी कुत्रा घेतलाच नसता हो!"

मास्तरांनी पडद्याकडं पाहिलं. पडद्यावर नावं सरकत होती. 'मूळ कथा' या शब्दांखाली त्यांचं नाव आलं. मागून टाळ्या पडल्या.

"सांगायचं राहून गेलं, शेठ," ते म्हणाले.