केरातला नवरा

आधीच सांगून ठेवते, मला कोळी अजिबात आवडत नाही. घरात दिसला की मी चप्पल शोधते. आणि नेमकी माझ्याच दारात पाच वर्षांपूर्वी ही पोरगी येऊन उभी राहिली. अंगानं काडी, पाठीवर हे एवढं दप्तर, गळ्यात दुर्बीण. म्हणाली, "काकी, मी भार्गवी. देवरुखला कॉलेजात शिकवते. तुमच्या देवराईतल्या कोळ्यांचा अभ्यास करायचाय."

"चांगल्या घरची दिसतेस गो," मी म्हटलं. "दुसरं काय मिळालं नाय तुला?"

ती नुसती हसली. तेव्हाच मी ओळखलं, ही काही लवकर जायची नाही.

आमचे हे, म्हणजे काशीराम, वाघजाईचे गुरव. पूजा ह्यांची, गाऱ्हाणं ह्यांचं, नारळ फोडायचा ह्यांनी आणि खोबरं खायचं तेही ह्यांनीच. देवळासमोरचा चौथरा मात्र झाडायची मी, सखू. रोज सकाळी सहाच्या आत, मे असो की श्रावण. बत्तीस वर्षं झाली. केर पाटीत भरायचा आणि गडग्यापलीकडे, म्हणजे देवराईच्या दगडी कुंपणाबाहेर, टाकून यायचा.

देवराईचा नियम कडक. सुकलेली काटकीसुद्धा चुलीला आणायची नाही. काही न्यायचं असेल तर आईला विचारायचं, म्हणजे कौल लावायचा. फुलाच्या पाकळ्या ओल्या करून देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. ह्यात वशिला चालत नाही. आमच्या निलेशच्या लग्नाला आईनं दोनदा डावा दिलान, तिसऱ्यांदा उजवा. निलेश आता मुंबईला असतो, फोन सून उचलते. सुनेशी बोलून झालं की मला दर वेळी वाटतं, आईचं पहिलंच ऐकायला हवं होतं.

तर भार्गवीचा कोळी राहायचा देवळावर वाकलेल्या सातविणीच्या शेंड्याला. ही आपली मान वर करून, दुर्बीण लावून खाली उभी. मानेला लचक भरली की माझ्याकडून तेल चोळून घ्यायची. चार वर्षांत तिच्या हाती एकच मादी लागली होती, तीही गडग्याबाहेर काजूच्या कुंपणावर आली म्हणून. पाठ कोकमाच्या बीसारखी, पायांवर पिवळे पट्टे. "काकी, ह्या जातीला जगात अजून कुणी नावच दिलेलं नाही," असं मला सांगायची. मी म्हणायची, "बिनानावाची किती सुखात आहे बघ."

दर शनिवारी साडेनऊच्या एसटीनं यायची. आली की पहिलं वाक्य ठरलेलं: "काय लख्ख ठेवता हो काकी चौथरा! पान दिसत नाही." मलाही बरं वाटायचं. आमच्या ह्यांना बत्तीस वर्षांत ते कधी दिसलं नव्हतं.

गेल्या वर्षी दसरा झाला आणि त्या शनिवारी भार्गवी माझ्या चुलीपुढे बसली होती, भाकरीला हात न लावता. एरवी तीन खाते, कुठे जातात देव जाणे.

"काय झालं गो?"

"लेख परत आला, काकी. तपासणारे म्हणतात, ही मादी दक्षिणेकडच्या एका जुन्याच जातीसारखी दिसते. नर दाखवा, मग बघू. दिवाळीपर्यंत मुदत दिलीय."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर ही नवी नाहीच. चार वर्षं पाण्यात."

एवढं बोलली आणि तिचा चेहरा असा झाला की मला कसंसंच झालं. थट्टा सुचेना. मला थट्टा सुचत नाही म्हणजे बघा.

"माद्या सारख्याच दिसतात," ती सांगू लागली. "जात पक्की ठरते ती नरावरून. नराच्या तोंडाशी दोन बारके हात असतात, टोकाला मुठी. प्रत्येक जातीची मूठ वेगळी. कुलपाची किल्ली असते ना, तशी."

"मग चढव की कुणाला तरी झाडावर."

"काकांनी दोनदा कौल लावला. दोन्ही वेळा डावा."

हे मला ठाऊक होतं. तिच्याबरोबर एकदा आलेले एक सर म्हणाले होते, काका जेवायला गेले की पटकन चढतो, कुणाला कळतंय. त्यांना हिनं असं झाडलं की ते बिचारे परत आले नाहीत. तेव्हापासून ही पोरगी मला आवडते, पण तसं मी तिला बोलून दाखवलं नव्हतं.

"कसा दिसतो तरी तो नवरा?" मी विचारलं.

"दुर्बिणीतून एकदाच दिसला. मादीपुढे अगदीच बारका, मिरीएवढा. पाय लालसर. मादीशी जुळलं की थोड्याच दिवसांत मरतो."

मी तवा खाली उतरवला. "गणपती झाल्यावर? पाय पोटाशी घेऊन पडलेला असतो, तो?"

"तुम्ही पाहिलाय?"

"पाहिला कसला? रोज झाडते. मी त्याला गोचीड समजत होते गो!"

भार्गवीचं तोंड उघडं ते उघडंच. "काकी! चार वर्षं! कधी बोलला नाहीत?"

"तू कधी विचारलंस?"

आणि खरंच होतं ते. काशीरामला विचारून झालं होतं, पोलीस पाटलाला झालं होतं, गावच्या सगळ्या मानकऱ्यांना झालं होतं. त्यातल्या अर्ध्यांनी तर थापा मारून चहा उकळला होता. खराटा जिच्या हातात, तिच्या हातच्या भाकऱ्या तेवढ्या खाल्ल्या. आणि बाईसाहेब एसटीनं पोचायच्या तेव्हा हिचे सगळे नवरे गडग्यापलीकडे मुंग्यांच्या पोटात गेलेले असायचे. वर ही माझ्या लख्ख चौथऱ्याचं कौतुक करणार!

ती लाल झाली. "चुकलंच माझं," म्हणाली.

"चुकलंच. आता भाकरी खा."

पण एवढ्यात मिटेल तर तो काशीराम कसला. पडवीतून सगळं ऐकत होते. आत आले आणि म्हणाले, "चौथरा आईचा. म्हणजे केरही आईचा. कौल लावल्याशिवाय मॅडमना देता येणार नाही."

"इतकी वर्षं पाटी भरभरून बाहेर टाकते, तेव्हा एकदा तरी लावलात कौल?"

"ते टाकणं. हे नेणं."

असला माणूस. माझं डोकंच फिरलं. पण भार्गवी म्हणाली, "लावा काका. आई नाही म्हणाली तर नाही." दिवाळीला पंधरा दिवस राहिले होते आणि आणखी एक डावा पडला असता तर संपलंच होतं सगळं.

ह्यांनी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. आम्ही दोघी हात जोडून उभ्या. डावी पडेना, उजवीही पडेना. अर्धा तास झाला. हे पुन्हा ओरडून विचारतायत, आई ऐकेचना. तासाभरानं भार्गवी खाली बसली. माझे गुडघे बोलायला लागले.

"अहो," मी शेवटी म्हटलं, "आई काय म्हणते कळत नाही तुम्हाला? म्हणते, केराचं मला काय विचारता? जी काढते तिला विचारा."

ह्यांनी पाकळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. गाभाऱ्यात उभं राहून मला काही विचारायची ह्यांची ती पहिलीच वेळ असावी. मग हळूच म्हणाले, "मग? तुझं काय म्हणणं?"

"उजवा," मी म्हटलं.

त्या दिवसापासून भार्गवी रजा टाकून आमच्याकडेच राहिली. सकाळी पाचला मी उठवायची, उठायची नाही, मग मी तांब्या वाजवायची. पहिल्या दिवशी केरातून तीन नवरे निघाले, तिन्ही खराट्यानं मोडलेले. एकाला दोनच पाय. "काकी, हळू!" "अगं, खराटा आहे तो, मोरपीस नाही." दुसऱ्या दिवसापासून खराटा कोपऱ्यात ठेवला आणि आम्ही दोघी उकिडव्या बसून, कोंबडीचं पीस घेऊन, पानन् पान उलटू लागलो. गावातल्या बाया पाण्याला जाताना थांबून बघायच्या. "काय हरवलं गो, सखू?" मी सांगायची, "हिचा नवरा." आठवडाभर गावाला करमणूक झाली.

पाचव्या दिवशी एका पिवळ्या पानाखाली तो पडला होता. मीच बघितला. भार्गवीनं अगदी अलगद उचलला, भिंगातून पाय मोजले. "आठ," म्हणाली. "दोन्ही हातही आहेत." आणि रडायलाच लागली. मेलेल्या कोळ्यासाठी रडणारी बाई मी पहिल्यांदा बघितली. मग मलाही रडू आलं, ते कशासाठी ते विचारू नका.

धनत्रयोदशीला तिचा फोन आला. नुसती किंचाळत होती. "काकी, मूठ वेगळी! अगदी वेगळी! नवीनच जात आहे!" मी चकलीचा घाणा तेलात तसाच सोडला आणि अख्ख्या वाडीला सांगून आले. चकल्या जळल्या. हे जळक्या चकल्या खात म्हणाले, छान झाल्यात.

ह्या वर्षी गणपतीत ती छापलेले कागद घेऊन आली. मिरीएवढ्या जिवावर वीस पानं! डोळे किती, केस कुठे, मूठ कशी वळलेली, सगळी चित्रं काढलेली. मग जरा घाबरतच म्हणाली, "काकी, जातीला तुमचं नाव दिलंय."

"माझं? कोळ्याला?" मी उठलेच. "एवढं खाऊ घातलं त्याचे हे पांग फेडलेस?"

आमचे हे मात्र गंभीर झाले. "पण गुरव मी," म्हणाले. "कौल मी लावला."

"लावलात तुम्ही, काका," भार्गवी म्हणाली. "दिला काकींनी."

मग तिनं मला एक ओळ वाचून दाखवली. नर कुठे मिळाला: वाघजाईच्या देवळाचा चौथरा. कधी: सकाळी सहा. कुणी वेचला: सखू काशीराम गुरव. तीच ओळ चिठ्ठीवर लिहून, नर ठेवलाय त्या बाटलीतही घातलीय म्हणे, आणि शंभर वर्षांनी कुणाला ही जात ओळखायची झाली तरी तीच बाटली काढून बघावी लागेल. मी तिला पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा, जरा मोठ्यानं, कारण शेजारीण दारात आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर खराटा जागेवर नाही. बाहेर येऊन बघते तर आमचे हे चौथऱ्यावर, कंबरेत वाकून, खराटा बाजूला ठेवून, कोंबडीच्या पिसानं पानं उलटतायत.

"काय हो, आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?"

"गप बस," म्हणाले. मान वर केली नाही. "अजून एखादी जात असेल. बिनानावाची."

झाडलोट अशी की निम्मा केर तिथल्या तिथेच. मी घरात गेले, चहा करून आणला आणि देवळाच्या पायरीवर बसून बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तो गरम प्यायले.