पडद्यामागचा धन्वंतरी

एकतीस सालची गोष्ट. रत्नागिरीच्या एका दवाखान्यातले कंपाउंडर राजाभाऊ यांना औषधाबद्दल काही विचारलं, की ते चष्मा पुसत, "आलोच" म्हणत आणि पडद्याआड जात. तिथे विषारी औषधांचं कपाट होतं आणि त्याची किल्ली राजाभाऊंच्या जानव्याला, म्हणून दुसरं कुणी आत जात नसे. दोन मिनिटांनी ते उत्तर घेऊन येत आणि ते कधी चुकत नसे. आत धन्वंतरीची तसबीर आहे, तिला विचारून येतात, असं गाव म्हणे. गावाला काय, म्हणायला पैसे थोडेच पडतात!

सगुणाला मात्र कुठला धन्वंतरी भेटला नव्हता. तिशीतल्या या बाईने सहा महिने त्यांच्या हाताखाली मिक्श्चरं ढवळली, बाटल्यांना डोसाच्या कागदी खुणा चिकटवल्या. डॉक्टर सांगत ते एका वहीत उतरवून घेतलं. आज औषधं द्यायची खिडकी एकटीने सांभाळायची होती. जमलं तर नोकरी पक्की, नाही तर पुन्हा बाटल्या धुणं.

पहिलीच आली पूर्णगडची मथुरा, कडेवर सात महिन्यांचं बाळ.

"बाय, घोवाच्या खोकल्याचं ह्ये औषध. पोरालापन खोकला झालाय. चार थेंब देऊ?"

'द्या' हा शब्द सगुणाच्या अगदी ओठावर आला होता. मोठ्याला चमचा, तर पोराला चार थेंब, सरळ आहे. तेवढ्यात पोर तिच्याकडे बघून बोळकं पसरून हसलं आणि तिच्या काळजात चर्र झालं. तिला नक्की ठाऊक नव्हतं.

"थांबा, बघून सांगते," म्हणत तिने चारचौघांत वही उघडली.

"म्हंजे तुमाला येत नाय?" मथुरा फणकारली. "राजाभाऊ कदी बगीत नायत!"

मागच्या बायका फिदीफिदी हसल्या. सगुणाचे कान तापले, पण बोट ओळीवरून हललं नाही.

"एक थेंबसुद्धा द्यायचा नाही! यात अफू आहे. पोर झोपेल ते उठायचंच नाही. आधी डॉक्टरांना दाखवा."

मथुरेचा चेहरा पांढराफटक पडला. बाळाला घट्ट धरून ती डॉक्टरांच्या खोलीकडे धावली.

सगुणा वळली तर मागे राजाभाऊ. गेली नोकरी, तिला वाटलं.

"सगुणाबाई, आत या."

त्यांनी पडदा सारला. तसबीर नव्हतीच. फळीवर एक जाडजूड पुस्तक होतं, हाताळून मऊ झालेलं, पानोपानी तपकिरीचे डाग.

"वीस वर्षं यातच बघून सांगतोय," राजाभाऊ ओशाळून म्हणाले. "लोकांसमोर उघडायचा धीर नाही झाला. तुम्हाला झाला. उद्यापासून खिडकी तुमची."

आणि त्यांनी ते पुस्तक उचलून खिडकीत आणून ठेवलं. सगुणाला हसावं की रडावं कळेना, इतका आनंद झाला.

इतक्यात बाळाचं नवं औषध घेऊन मथुरा परत आली. "बाय, ह्ये दुधाच्या आदी द्यायचं की मागनं?"

"बघून सांगते."

"बगा, बगा, नीट बगा," मथुरा बाकावर ऐसपैस टेकत म्हणाली. "मी बसलंय हितं."