पाखरासारखं जेवण

साधना नर्स म्हणून इंग्लंडला गेली, त्याला चार महिने झाले होते. तिकडे ती ज्यांच्या घरी भाड्याने राहायची, त्या म्हाताऱ्या हेलनबाईंचा एक दिवस साधनाच्या आईच्या, जमुनाच्या, मोबाइलवर इंग्रजीत निरोप आला. जमुनाने तो मोबाइलकडूनच मराठीत करून घेतला. ‘तुमची मुलगी गुणी आहे. पण ती पक्ष्यासारखी खाते.’

जमुनाचा जीव भांड्यात पडला. अकोटजवळच्या तिच्या वावरात वांगी-मेथीच्या कडेला थोडी ज्वारी असायची. ती दाण्यावर आली की पाखरं दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत कणसांवरून हलायची नाहीत. म्हणजे पोरगी पोटभर जेवते आहे! बाजारात येईल त्या गिऱ्हाइकाला तिने हे सांगितलं.

शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या आरती मॅडम मेथी घ्यायला आल्या, तेव्हा त्यांनाही तिने निरोप दाखवला. मॅडमनी तो वाचला आणि हातातली जुडी खाली ठेवली.

“जमुनाबाई, इंग्रजीत याचा अर्थ उलटा होते. पाखरासारखं खाते म्हणजे अगदी जराजरासं खाते.”

“मंग त्या लोकायनं पाखरं पाह्यलीच नाईत काय कधी?” जमुना म्हणाली खरी, पण तिचा चेहरा उतरला. दर रविवारी साधना फोनवर सांगायची, ‘जेवलो माय, आता झोपतो.’ आणि आपण ते ऐकून निवांत राहायचो.

“मॅडम, त्या बाईले लिहा. मी तं तिथं येऊ शकत नाई, तुमी माह्या पोरीले पंखाखाली घ्या. पण हे उलटं तं होणार नाई ना?”

“नाई,” मॅडम हसल्या. “हे तिकडंही असंच म्हणतात.”

उरलेली भाजी शेजारणीवर सोपवून जमुना दुपारीच घरी आली. तिने फोन लावला. तिकडे सकाळ होती आणि साधनाला सुटी होती.

“काय खाल्लं वं?”

“खाल्लं, माय.”

“काय, ते सांग.”

तशी साधना रडायला लागली. एकटीनं ताटावर बसलं की घास उतरत नाही, म्हणाली. “तुले सांगतलं असतं तं तूबी जेवली नसती. मी वापस येऊ काय?”

जमुनाच्या तोंडात ‘ये’ होतंच. तिने ते गिळलं नाही. “ये ना. घर तुहंच आहे. पण उपाशी पोटी काई ठरवू नोको. आज माह्यासंग जेव.”

तिने व्हिडिओ सुरू करून मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि भाकर वाढून घेतली. साधनाने भात गरम करून आणला.

“तू घास घे, मंग मी घेतो,” जमुना म्हणाली.

त्या दिवशी साधनाचं ताट संपायला तासभर लागला. पुढे मग रोजचंच झालं. साधनाची ड्यूटी बदलली की जमुनाच्या जेवणाची वेळ बदलायची. वापस यायचा विषय हळूहळू निघेनासा झाला.

एका दुपारी साधनाच्या शेजारी हेलनबाईही ताट घेऊन बसल्या. काहीतरी बोलल्या. साधना हसली.

“माय, ह्या विचारून राहिल्या, उद्या वांग्याच्या भाजीत तिखट किती टाकू?”

जमुनाने पदराने हात पुसला आणि मोबाइलजवळ सरकली.

“कमी टाका म्हणा. पहिल्यांदाच करून राहिल्या त्या.”