जोडणी आणि तपासणी

वायरमनला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि घरातल्या वायरींना हात लावायची बंदी होऊन एक वर्ष. बंदी बायकोने घातली होती, आणि तिला कारण होतं बाहेरच्या खोलीतला पंखा. हा नवा पंखा त्याने मोठ्या ऐटीत बसवला, बटण दाबलं, तर पंखा फिरला उलटा. सगळा वारा छताला. "कंपनीने वायरींचे रंग बदललेत, यात माझं काय चुकलं?" असं तो म्हणाला. रंग बदलले होते हे खरंच होतं. पण बायकोने दुसऱ्या दिवशी बाहेरचा इलेक्ट्रिशियन बोलावला. चौतीस वर्षं कारखान्यात माणसापेक्षा उंच कंट्रोल पॅनल जोडलेल्या माणसाच्या घरी तो पोरगेला इलेक्ट्रिशियन आला, दोन वायरींची अदलाबदल केली आणि चहा पिऊन गेला. वायरमन तेवढा वेळ गॅलरीत पाठ करून उभा होता. तो दिवस त्याला अजून सलत होता.

त्यामुळे मुलगी जेव्हा म्हणाली, "बाबा, माझ्या कॉम्प्युटरला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय निवडून द्या," तेव्हा त्याने वर्तमानपत्र खाली ठेवायला जरा वेळ लावला. लगेच ठेवलं असतं तर आनंद दिसला असता.

मुलीला घरात सगळे फ्यूज म्हणत. लहानपणी ती पटकन उडायची म्हणून बापानेच ते नाव ठेवलं होतं. आता तिशी ओलांडली, डोकं शांत झालं, तरी नाव काही सुटलं नाही. अजून न बांधलेल्या इमारती कॉम्प्युटरवर हुबेहूब उभ्या करायच्या, हे तिचं काम. गेले आठ महिने ती एका इस्पितळाच्या इमारतीवर खपत होती. दारातून आत शिरून शेवटच्या खोलीपर्यंत फिरून यावं अशी फिल्म तिला सोमवारी सकाळी दाखवायची होती. जुन्या ग्राफिक्स कार्डावर ती फिल्म मुंगीच्या पावलांनी तयार होत होती. म्हणून तिने नवं कार्ड घेतलं. ते निघालं विटेएवढं, आणि भूक तर त्याहून मोठी.

"किती खेचतं?" वायरमनने विचारलं.

"तीनशे वीस वॅट. प्रोसेसर दीडशे. बाकी सगळं मिळून साठ धरा."

"पाचशे तीस. आणि आत्ताचा सप्लाय?"

"पाचशेचा."

"मग तो गेलाच."

"साडेसहाशेचा घेऊ या का? एकशे वीस जास्तच होतात की."

"अगं, मोटर चालू होताना जेवढं खेचते तेवढं चालताना खेचते का? तुझ्या कार्डाचं काय आहे ते वाच आधी."

फ्यूजने वाचलं. कार्ड मध्येच क्षणभरासाठी दुप्पटसुद्धा खेचतं, असं लिहिलेलं निघालं. तिने भुवया उंचावून बापाकडे पाहिलं. वायरमन खिडकीबाहेर बघत होता, पण कान इकडेच होते. "आठशे पन्नास," तो म्हणाला. "खाली नाही."

शुक्रवारी दुपारी दोघं दुकानात गेले. दुकानदाराने काउंटरवर एक खोका ठेवला. त्यावर हाताच्या पंजाएवढ्या आकड्यात ८५० छापलेलं. वायरमनने खोका उघडायला लावला, सप्लाय हातात घेऊन तोलला, उलटा केला आणि चष्मा कपाळावर सरकवून बाजूचं बारीक अक्षरांचं लेबल वाचू लागला.

"पुढचा आकडा जाहिरातवाला लिहितो," तो म्हणाला, "आणि हा इंजिनिअर. बारा व्होल्टच्या लाइनीवर पंचेचाळीस अँपिअर. बारा गुणिले पंचेचाळीस, पाचशे चाळीस. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही बारावरच जेवतात. मग बाकीचे तीनशे वॅट कोणाच्या घरी गेले?"

दुकानदार हसला. गिऱ्हाईक ओळखून त्याने आतून दुसरा खोका आणला. हा चांगला वजनदार होता. बाराच्या लाइनीवर सत्तर अँपिअर. कार्डाला तीन जोड लागत होते, तेही तीन निघाले. मदरबोर्डची जाड केबल सप्लायलाच कायमची जोडलेली होती. डिस्कची आणि कार्डाची मात्र लागेल तशी खोचायची होती. जुन्या सप्लायचीही रचना तशीच होती.

"हा द्या," वायरमन म्हणाला.

"काका, बरोबर निवडलात. फक्त एक लक्षात ठेवा, केबल सगळ्या या डब्यातल्याच..."

"केबलचं मला सांगू नका हो," वायरमन म्हणाला. "केबल बांधण्यात केस पांढरे झालेत माझे." दुकानदाराने हात जोडले. फ्यूजही हसली. परत येताना वायरमन खोका स्वतः घेऊन चालला होता, आणि चाल जरा जास्तच ताठ होती.

त्या संध्याकाळी फ्यूजच्या खोलीतला कॉम्प्युटर जेवणानंतरही चालूच होता. सोमवारचं काम असेल, असं वायरमनला वाटलं.

शनिवारी सकाळी फ्यूजला इस्पितळवाल्यांकडे जावं लागलं. निघताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सुरू करा. मी दुपारी येतेच. फक्त त्या डिस्कला जपा, आठ महिने आहेत त्यात."

स्वयंपाकघरातून बायकोने मान बाहेर काढली. "त्यांच्यावर सोडून चाललीस?"

"हो," फ्यूज म्हणाली आणि गेली. त्या एका होकारावर वायरमन महिनाभर जेवला असता.

त्याने टेबलावर जुनी चादर पसरली, स्क्रू वाटीत जमवले, कॉम्प्युटरचं मागचं झाकण काढलं. आत त्याच्याच हातचं काम होतं. चार वर्षांपूर्वी हा कॉम्प्युटर आला तेव्हा केबल त्याने बांधल्या होत्या. डिस्कची केबल मागच्या भिंतीलगत सुतासारखी सरळ गेलेली, दर चार बोटांवर गाठ, वळणं सगळी एका मापाची. कारखान्यात त्याची पॅनल बघून लोक म्हणायचे, मिस्त्रींनी वायरींना भांग पाडलाय. हे तसंच होतं. त्याने जुना सप्लाय सोडवून बाहेर काढला, नवा बसवला, बोर्डाची केबल लावली, कार्डाला डब्यातल्या नव्या केबल लावल्या. राहिली डिस्कची. ती त्याने तशीच ठेवली होती. इतकं नीट बांधलेलं काम कापायला हात धजेना. आणि कापायचं तरी कशाला? केबलचं टोक सहा भोकांचं, सप्लायचं तोंडही सहा भोकांचंच. त्याने जुन्या केबलचं टोक नव्या सप्लायमध्ये खोचून पाहिलं. टक्कन बसलं.

त्याच्या पिशवीत व्होल्ट मोजायचा मीटर होता. चौतीस वर्षांत त्याने मीटर लावल्याशिवाय एकही पॅनल चालू केलं नव्हतं. पण हे पॅनल थोडंच होतं? खोचायचं आणि झालं. त्याने बटण दाबलं.

कार्डाचे तिन्ही पंखे फिरले, आणि फिरले सरळ. पडदा उजळला. "अगं, बघ!" त्याने बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली, पडद्याकडे पाहिलं आणि नाक वर केलं.

"काहीतरी जळतंय."

वायरमनलाही वास आला. तो वास त्याला झोपेतसुद्धा ओळखता आला असता. त्याने झटकन मेन बंद केला आणि डिस्कवर हात ठेवला. खालची हिरवी पट्टी चटका बसेल इतकी तापली होती.

मग त्याने जे आधी करायला हवं होतं ते केलं. डिस्क सोडवली, मेन चालू केला, केबलच्या टोकाला मीटर लावला. जिथे पाच व्होल्ट हवेत तिथे बारा होते. डब्यातली नवी केबल सप्लायला खोचली, तिला मीटर लावून पाहिला. पाचच्या जागी पाच, बाराच्या जागी बारा. दोन्ही केबलींची तोंडं शेजारी शेजारी धरली तर जुळी भावंडं. आतल्या तारांचा क्रम मात्र एका कंपनीने एक लावलेला, दुसरीने दुसरा. दुकानदार हेच सांगत होता.

या वेळी त्याने कंपनीला दोष दिला नाही. बायकोने पाण्याचा पेला आणून शेजारी ठेवला.

दुपारी फ्यूज आली तेव्हा तो तसाच खुर्चीवर बसला होता. समोर डिस्क. त्याने आडवळण घेतलं नाही. "जुनी केबल ठेवली. मीटर लावला नाही. डिस्क जळली. तुझे आठ महिने गेले, पोरी."

फ्यूजने कपाट उघडून कपड्यांच्या मागून एक डिस्क काढली. "गेले नाहीत. काल रात्री सगळं हिच्यावर उतरवून घेतलं मी."

वायरमनच्या छातीवरचा दगड उतरला. पण श्वास पुरता घ्यायच्या आत त्याला दुसरं काहीतरी समजलं. त्याने मान खाली घातली.

"म्हणजे तुझा भरवसा नव्हता."

फ्यूजला खोटं बोलता आलं असतं. "पूर्ण नव्हता, बाबा," ती म्हणाली. "पंखा आठवला."

वायरमनला वाईट वाटलं, फार वाटलं, पण पोरगी चुकली असं काही केल्या वाटेना. मग फ्यूजने ती डिस्क त्याच्यापुढे धरली. "आता ही एकच आहे. बसवा."

"मी?"

"मग कोण? आजपासून फिल्म तयार करायला लावली तर सोमवारपर्यंत होईल."

तो उठला. पक्कड घेऊन त्याने स्वतःच्या हातच्या गाठी एकेक करून कापल्या. जुनी केबल बाहेर काढून तिला चिठ्ठी बांधली: 'जुन्या सप्लायची. दुसरीकडे लावू नये.' नवी केबल टाकली, पुन्हा दर चार बोटांवर गाठ मारली. डिस्कचं टोक मात्र मोकळं ठेवलं. मग आपल्या पिशवीत हात घालून तळातून एक पिवळं पडलेलं पुठ्ठ्याचं कार्ड काढलं. कारखान्यात प्रत्येक पॅनलच्या दाराला आतून असं कार्ड लावत. त्यावर दोन चौकटी, 'जोडणी' आणि 'तपासणी'. सही दोन वेगळ्या माणसांची हवी, असा नियम होता. पण वायरमनच्या पॅनलवर पंधरा वर्षं दोन्ही चौकटींत त्याचीच सही असायची. तुमचं काय तपासायचं, मिस्त्री, असं फोरमन म्हणायचा, आणि ते ऐकायला त्याला फार आवडायचं.

त्याने पहिल्या चौकटीत सही केली. कार्ड आणि मीटर फ्यूजच्या हातात दिले.

"बाबा, आता कशाला? तुम्ही नवीच केबल लावलीत, मी बघितलं."

"मीटर लाव," तो म्हणाला. "नीट बघ. माझं काम आहे म्हणून सोडू नकोस."

फ्यूज खाली बसली आणि एकेक तार मीटरने तपासू लागली. वायरमन हात मागे बांधून शेजारी उभा राहिला, कारखान्यात नवीन आलेली मुलं त्याच्या शेजारी उभी राहायची तसा, आणि ती दुसऱ्या चौकटीत सही करीपर्यंत तिथून हलला नाही.