बिनपाण्याची कोंबडी

दोन हजार सोळाच्या मे महिन्यात बजाजनगरात केसरबाईच्या गल्लीला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. त्याच महिन्यात अप्पाराव बिल्डरनं वाळूजच्या पुढं ‘लेक व्ह्यू’ नावाची आठ मजली इमारत विक्रीला काढली. लेक म्हणजे आटलेला पाझर तलाव. त्यात शेळ्या चरत होत्या. गिऱ्हाईक फिरकेना, म्हणून अप्पारावानं इमारतीसमोर मंडप टाकून सासू-सुनांची चिकन स्पर्धा ठेवली.

केसरबाईच्या सुनेनं, मोनालीनं, सासूला न विचारताच दोघींचं नाव नोंदवलं. केसरबाईचा जन्म मेंढरांमागं हिंडण्यात गेलेला. आता ती एका कारखान्याच्या कँटीनमध्ये दोनशे माणसांचं कालवण करायची.

“आत्याबाई, पहिलं बक्षीस मिक्सर हाय,” मोनाली म्हणाली. केसरबाई लगेच लुगडं बदलायला उठली.

मंडपात प्रत्येक जोडीला एक बंद खोकं मिळालं. “आतलं सगळं वापरायचं. काहीतरी हटके करा!” पुण्याहून परीक्षक म्हणून आणलेले शेफ माइकवर ओरडले. आत कोंबडी होती, दोन किवी, कॉर्नफ्लेक्स, ग्रीन टीच्या पुड्या आणि अननसाचा जॅम. कांदा, टोमॅटो, तेल, मीठ, तिखट टेबलावर होतं. टँकर आला नव्हता, म्हणून पाण्याची बाटली जोडीमागं एकच. शेफसाहेबांनी त्यालाही ‘चॅलेंज’ म्हटलं.

केसरबाईनं किवी हातात फिरवली. “हे फळ हाय का उंदराचं पिल्लू?” मग चाखली. “आंबट हाय. मास मऊ करील.”

तिनं किवी कुस्करून कोंबडीला चोळली. पुड्या फाडून चहाची पानं तिखटासोबत तेलात परतली, कांद्यात जॅम चमचाभरच घातला, कॉर्नफ्लेक्स गिलासाच्या बुडानं कुटून मसाल्याला लावले. पातेल्यात पाणी घातलंच नाही. वर ताट झाकून बाटलीतलं पाणी त्या ताटात ओतलं. कोंबडी आपल्याच वाफेवर शिजली.

शेजारी अप्पारावाची मेहुणी. तिनं अर्धी बाटली हात धुण्यात घालवली आणि उरलेला वेळ टोमॅटोचा गुलाब कोरण्यात.

शेफनं केसरबाईचा एक घास घेतला, मग दुसरा, मग हाड चोखलं. “डिशचं नाव काय?”

“कोंबडी,” केसरबाई म्हणाली.

“चव आहे, पण प्रेझेंटेशन नाही,” असं म्हणत शेफनं तिसरा तुकडा उचलला. पहिला नंबर गुलाबाला गेला. त्याखालची कोंबडी आतून लालच होती. शेफनं ती खाल्लीच नव्हती. लोकांनी मात्र केसरबाईचं पातेलं पुसून काढलं.

ते पाहून अप्पारावानं तिला मंचावर बोलावलं. “मावशी, दुसरा मिक्सर तुम्हाला! फक्त सांगा, अशा घरात राहायला आवडेल ना?”

केसरबाईनं माइक धरला. “घर झ्याक हाय. कोंबडी बिनपाण्याची झाली. पण पातेलं घासायला पाणी कुठून आणायचं, ते इचारायचं व्हतं.”

मंडप हसला. घर बघायला आलेला एक मास्तर उठून नमुना फ्लॅटमध्ये गेला आणि त्यानं नळ सोडून बघितला. नळातून नुसती हवा फुसफुसली. तो बायकोला घेऊन निघाला. मागोमाग आणखी चार कुटुंबं. अप्पारावानं माइक हिसकावला. मिक्सरचं नाव कुणी काढलं नाही.

रिक्षात मोनाली फुरंगटून बसली. “जरा गप बसला असता तर मिक्सर घरी आला असता!”

“त्यानं इचारलं, म्या सांगितलं,” केसरबाई म्हणाली, आणि पदरानं तोंडावरची धूळ पुसू लागली.