दुसऱ्यांदा पहिलं वर्ष

"टीसी कोणाची? तुमची?"

"बायकोची," अश्वजित म्हणाला आणि खिडकीच्या कठड्यावर बसवलेल्या सुचीला त्यानं पोटाशी ओढून घेतलं. तीन वर्षांची पोर शाईच्या डबीकडे हात लांबवत होती.

कारकूनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अन् त्या कुठं हायेत?"

"वर गेली. अभ्यासक्रमाच्या कागदाइवर शिक्के मारून घेऊन राह्यली."

"एमेस्सी केमिस्ट्री ना? जळगावले चाललेल्या त्याच." बाईंनी रजिस्टर पुढे ओढलं. "अमरावतीले नाव लागलं होतं तिचं, चौथ्या नंबरावर. परवा मुदत गेली तिथली. तिकडं गेली असती तं एका वर्षात मोकळी झाली असती पोरगी."

"जळगावलेही एकच वर्ष हाये," अश्वजित म्हणाला.

बाईंनी सही केली, शिक्का मारला आणि कागद खिडकीतून बाहेर सरकवला.

रेणुका जिन्यावरून खाली आली ती फाइल छातीशी धरून. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. अश्वजितनं टीसी पुढे केली, तिनं ती न वाचताच फाइलमध्ये टाकली.

बारावी झाल्याबरोबर लग्न होऊन ती खामगावात आली होती. अश्वजितचं मोटर वायंडिंगचं, म्हणजे मोटरींत नवी तार भरायचं दुकान, जिनिंगच्या रस्त्यावर. कापसाचा हंगाम लागला की सरकी काढणाऱ्या जिनांमधल्या जळालेल्या मोटरी त्याच्या दारात रांगेनं पडायच्या. स्वतः तो आयटीआयपर्यंत शिकलेला. बायकोला त्यानंच कॉलेजात घातलं, असं लोक म्हणायचे. खरं तर तीच रोज सकाळी डबे भरून निघायची आणि तो फक्त आडवा येत नसे. बीएस्सीच्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्ये सुची झाली. तरी तिचा एकही पेपर राहिला नाही.

आणि आता एमेस्सीचं पहिलं वर्ष संपतं न संपतं तोच कॉलेजनं कळवलं की शिकवायला माणसं नाहीत, दुसऱ्या वर्षाचा वर्ग बंद. अकरा जणांनी आपापली सोय पाहावी. अकोल्याच्या जागा आधीच भरलेल्या. अमरावतीला जागा होती, वसतिगृह होतं. पण वसतिगृहात लेकरू चालत नव्हतं आणि अश्वजितला तिथं काम देईल असं ओळखीचं कोणी नव्हतं. तेव्हा जेवता जेवता तोच म्हणाला होता, "जाऊ तं तिघंही जाऊ." जळगावकडे केळीच्या बागांना बारमाही पंप, म्हणजे वायंडिंगचं कामही बारमाही. विद्यापीठ बदलेल, एवढंच. कागद बदलतील, बाकी काय? दुसऱ्याच दिवशी त्यानं शेजारच्या लेथवाल्या हैदरला दुकान विकून टाकलं.

कॉलेजातून घरी आल्यावर रेणुका गोधड्या बांधायला बसली. अश्वजितला काही सुचेना. दोन दिवसांनी निघायचं होतं आणि हाताला काम नव्हतं. तो या खोलीतून त्या खोलीत गेला, नळ बंद केला, पुन्हा सोडला. मग त्याला आठवलं की जळगावला सुचीला बालवाडीत घालायचं तर जन्माचा दाखला लागेल. त्यानं फाइल उघडली.

दाखल्याच्या आधी जळगावच्या कॉलेजचा कागद हाती आला. मेल छापून घेतलेली. तो उभ्यानंच वाचू लागला. दोन विषयांची समकक्षता मान्य झालेली नाही. सबब विद्यार्थिनीस द्वितीय वर्षात प्रवेश देता येणार नाही. प्रथम वर्षात नव्याने प्रवेश घेता येईल. त्यानं वरची तारीख पाहिली. नऊ. आज चौदा होती.

तो बाहेरच्या खोलीत आला. "हे काय हाये?"

रेणुकानं मान वर केली, कागद पाहिला आणि गाठ मारायची ती मारली. "तेच हाये. वाचलं ना तुम्ही."

"पुन्हा पहिलं वर्ष?"

"हाव."

"नऊ तारखेले आलं. बारापर्यंत अमरावतीची मुदत होती. काऊन नाही सांगतलं मले?"

"सांगतलं असतं तं तुम्ही मले अमरावतीले धाडलं असतं."

"धाडलंच असतं."

"अन् मी गेली असती," रेणुका म्हणाली. "तेच तं. तुम्ही एकदा 'जा' म्हणले असते, तं मी सुचीले इथं टाकून गेली असती. एक वर्षच तं हाये, म्हणून मनाले समजावलं असतं. मले माहीत हाये मी कशी हाओ ते. म्हणून सांगतलं नाही."

अश्वजितला रागवायचं होतं, पण राग नेमका कुणावर ठेवावा ते कळेना. जळगावचं त्यानंच काढलं होतं. त्याच्या एका बोलण्यापायी तिचं अख्खं वर्ष बुडालं होतं, आणि ते तिनं त्याला न विचारता, मुकाट्यानं बुडू दिलं होतं. कागद तिथंच ठेवून तो बाहेर पडला.

पाय आपोआप दुकानाकडे वळले. हैदर मोजमापाची पट्टी घेऊन भिंतीपाशी उभा होता. मधली भिंत फोडून दोन्ही दुकानं एक करायचा त्याचा विचार होता. अश्वजितला पाहून तो ओशाळला, पट्टी खिशात घातली. "बैठ ना यार. चहा सांगतो."

"नको."

कोपऱ्यात कुणाची तरी पाण्यातली मोटर येऊन पडली होती. अश्वजित खाली बसला, तिचं झाकण उघडू लागला. हैदर हळूच म्हणाला, "राहू दे. मी करतो. आता मलेच करा लागते ना?"

अश्वजित उठला. हात पुसायला फडकं शोधलं, ते नेहमीच्या खिळ्यावर नव्हतं. हात पँटलाच पुसले आणि निघाला.

बाप, माणिकराव, जुन्या जिनाच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर बसलेला असे. त्या जिनातच त्यानं चाळीस वर्षं काम केलं होतं. जिन बंद पडून नऊ वर्षं झाली, फाटकाला गंज चढला, पण म्हाताऱ्याची बसायची जागा तीच राहिली. जळगावला यायला त्यानं आधीच नकार दिला होता.

अश्वजितनं त्याच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. माणिकरावनं बशीतला चहा संपवला.

"म्हंजे एकाचे दोन वर्सं झाले."

"हाव."

"दोन वर्सांनं ते काय होईन?"

"एमेस्सी होईन. मंग सेट-नेट. मंग कुठं कॉलेजात लागली तं लागली."

"अन् नाही लागली तं?"

अश्वजित गंजलेल्या फाटकाकडे पाहू लागला.

"मी चाळीस वर्सं या एका फाटकातून आत गेलो," माणिकराव म्हणाला. "मले कोणी कधी इचारलंच नाही, दुसरीकडं जातं का म्हणून. इचारलं असतं तं मी गेलो असतो का, ते बी मले माहीत नाही." त्यानं बशी कपावर पालथी घातली. "ते पोरगी पाच दिवस एकटी घेऊन फिरली हे. तिले भांडून आला का तू?"

"भांडलो नाही."

"मंग इथं कायले बसला?"

घरी आला तेव्हा ऊन उतरत होतं. सुची बांधलेल्या गोधड्यांच्या गठ्ठ्यावर झोपली होती आणि रेणुका पुस्तकं खोक्यात भरत होती. पहिल्या वर्षाची पुस्तकं तिनं एका विद्यार्थिनीला द्यायची म्हणून वेगळी काढली होती. आता तीच पुन्हा खोक्यात चालली होती. अश्वजित समोर बसला आणि एक एक पुस्तक तिच्या हाती देऊ लागला.

"दोन वर्सं तं दोन वर्सं," तो म्हणाला. "पण आता असं एकटीनं ठरवू नको."

"तुम्ही बी ठरवू नका."

"मी काय ठरवलं?"

"हैदरभाईले दुकान देऊन आले, तवा मले इचारलं होतं का? मी म्हटलं असतं, भाड्यानं द्या, इकू नका."

त्याच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपण केला तो त्याग, असंच तो इतके दिवस धरून चालला होता.

"आता?" त्यानं विचारलं.

"आता काय. देलं ते देलं." तिनं त्याच्या हातातून पुस्तक घेतलं.

सोळा तारखेला ते निघाले. खामगावहून गाडीनं जलंबपर्यंत, तिथून मोठ्या लाइनीवर. माणिकराव स्टेशनवर आला, सुचीच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला, "जय भीम" म्हणाला आणि गाडी हलायच्या आधीच वळून चालू लागला.

जळगावात दोन खोल्या मिळाल्या. सकाळी अश्वजित सुचीला बालवाडीत सोडी, रेणुका बारा वाजता घेऊन येई. वर्गात ती सगळ्यांत मोठी. पहिल्याच महिन्यात प्रयोगशाळेत मुली तिला ताई म्हणू लागल्या आणि कुणाचं द्रावण बिघडलं की सरांच्या आधी तिच्याकडे येऊ लागल्या. हे तिनं सांगितलं तेव्हा ती हसत होती. दुसऱ्या दिवशी मात्र पहाटे उठून अश्वजितनं पाहिलं, तर ती वही उघडून नुसतीच बसली होती. सगळं येत असलेलं पुन्हा लिहायचं, याचा तिला कंटाळा नव्हता. राग येत होता. तो तिनं कुणालाही दाखवला नाही. अश्वजितनं चहा केला आणि तिच्यापाशी ठेवला.

त्याला औद्योगिक वसाहतीत सागर नावाच्या मुलाच्या दुकानात काम मिळालं होतं. सागर पंचविशीचा, बापाचं दुकान चालवणारा. वागायला चांगला, पण नव्या माणसाला लगेच कॉइल बसवू देत नसे. तीन महिने झाले तरी अश्वजितकडे जळकी तार काढायचंच काम होतं. छिन्नीनं कॉइलची टोकं कापायची, राख झालेली तार उपटायची, खाचा घासून साफ करायच्या. वायंडिंग दुसऱ्यानं करायचं. तो तक्रार करत नसे. घरी गेल्यावर हात धुवायला त्याला बराच वेळ लागे, एवढंच.

नोव्हेंबरच्या एका दुपारी हैदरचा फोन आला.

"यार, जिनातली मोटर हाये. वायंडिंग नवं केलं, तरी आवाज देऊन राह्यली. दोनदा खोलली. मालक डोक्यावर उभा हाये."

"चालू हाये?"

"चालू हाये."

"फोन तिच्याजवळ ने. मागच्या बाजूनं."

अश्वजित उठून दाराबाहेर आला. एक कान बोटानं बंद केला, दुसऱ्यावर फोन दाबला आणि डोळे मिटले. आतून सागरनं काहीतरी विचारलं; त्यानं हात वर करून त्याला थांबवलं. सागर थांबला.

"वायंडिंग नाही ते," थोड्या वेळानं अश्वजित म्हणाला. "मागचं बेअरिंग गेलं. बदलून टाक."

"हाव?"

"बदल तं खरं."

पलीकडे मोटर बंद झाली. तिचा आवाज उतरत उतरत थांबला आणि मग जिनिंगच्या रस्त्यावरून जाणारी एक बैलगाडी ऐकू आली, कुणीतरी कुणाला हाक मारली, कापसाच्या ट्रकचा हॉर्न वाजला. हैदर फोन बंद करायचा विसरला होता. अश्वजित तसाच उभा राहिला, फोन कानाशी धरून.

मग त्यानं फोन खिशात टाकला, आत येऊन पोत्यावर बसला आणि छिन्नी उचलली.