दुर्गाकाकूंची व्यायामाची खुर्ची

मित्रांनो, मी एक खुर्ची आहे. वयाने जुनी, जातीने लोखंडी आणि बिनहाताची. खुर्ची म्हटलं की तुम्हाला एखादा साहेब आठवत असेल. माझ्यावर आजवर एकही साहेब बसलेला नाही, आणि त्याबद्दल मी कुठे अर्जही केलेला नाही.

जालन्याच्या एमआयडीसीजवळच्या एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. भंगारातले चौकोनी पाइप कापून जोडले, वर हिरवा रंग फासला, झाले मी. मला बनवून घेणारी संध्या परतूरची. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन तिने शाळेतल्या नोकरीची सहा वर्षं वाट पाहिली. नोकरी काही आली नाही, तेव्हा तिने बाजाराच्या रस्त्यावर एक शटर भाड्याने घेतलं आणि बायकांसाठी व्यायामशाळा काढली.

"दादा, खुर्चीला हात नका लावू," तिने वेल्डरला बजावलं.

"बिगर हाताची खुर्ची घेतं कोण, मॅडम?"

"ज्याला हात न टेकता उठायचंय, तो."

माझं काम सोपं होतं. गुडघे कुरकुरणाऱ्या बायका माझ्यावर बसायच्या आणि उठायच्या. बसायच्या आणि उठायच्या. कुणी उठताना डगमगली, तर संध्याचा एक पाय माझ्या मागच्या पायाला टेकलेला असे आणि एक हात त्या बाईच्या पाठीमागे. हात ती पाठीला लावत नसे, नुसता जवळ ठेवी. बायकांना तो हात दिसत नसे, पण तो आहे हे त्यांना बरोबर कळत असे. व्यायामाच्या पुस्तकात या हाताचं चित्र नसतं.

मग संध्याने मोबाईलचा स्टँड घेतला आणि गोल दिवा घेतला. पुण्याला आणि दुबईला गेलेली आपल्याकडची पोरं पोट सुटल्यावर गावची मास्तरीण शोधू लागली होती. शटरवर नवी पाटी लागली, 'ऑनलाइन आणि प्रत्यक्ष'. मित्रांनो, यात वाईट काही नव्हतं. संध्याच्या घरात पहिल्यांदाच महिनाअखेरीला कुणाचा आवाज चढला नाही. पुण्याचा एक इंजिनियर, हरिओम, तिच्याकडून तीन महिन्यांत बारीक झाला आणि म्हणाला, "ताई, आता माझ्या आईचं बघा. ती तिथं परतूरलाच एकटी असते. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण पलंग सोडत नाही."

त्याची आई म्हणजे दुर्गाबाई. आठवड्यातून तीन दिवस संध्याने घरी जायचं आणि तीन दिवस व्हिडिओवर शिकवायचं, असं ठरलं. स्कूटीच्या मागे ओढणीने बांधून मला त्यांच्या घरी नेण्यात आलं. 'प्रत्यक्ष' म्हणून जे काही होतं, त्यातली अर्धी मी होते.

पहिल्याच दिवशी संध्याने विचारलं, "काकू, चालायला लागल्यावर कुठं जायचंय?"

काकूंना उत्तर शोधावं लागलं नाही. "घनसावंगीला. माझी थोरली बहीण हाय तिथं, पुष्पाबाई. अंथरुणालाच खिळली. रोज व्हिडिओवर बोलती, पण तोंडच दिसतं गं नुसतं. मला तिच्या डोक्याला तेल घालायचंय."

संध्या दुसऱ्या दिवशी जीपच्या थांब्यावर गेली आणि टेपने जीपची पायरी मोजून आली. जीपवाला भारत तिला म्हणाला होता, "आरटीओत लागल्या का काय, मॅडम?" तिने पायरीच्या उंचीएवढ्या विटा काकूंच्या भिंतीशी रचल्या. आधी माझ्यावरून हात न टेकता दहा वेळा उठायचं, मग त्या विटांवर पाय. एवढं जमलं की घनसावंगी.

दोन महिन्यांत काकू आठवर आल्या. व्हिडिओच्या दिवशी त्या फोन जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवायच्या. पलीकडून संध्या त्यांचे पाय बघायची आणि ओरडायची, "डावा गुडघा आत येतोय, काकू!" काकू तो बाहेर न्यायच्या. म्हणजे काच मध्ये असली तरी काम होत होतं. मी साक्षीदार आहे.

पण संध्याचं नाव झालं. सकाळी एकेकाला वेगळा वेळ देणं तिला जमेना. तिने सगळ्यांना एकाच ऑनलाइन वर्गात घेतलं आणि काकूंना म्हणाली, "तुम्हाला आता छान जमतंय. घरी मी महिन्यातून एकदा येत जाईन. बाकी रोज भेटूच की."

त्या सोमवारी काकूंनी फोन जमिनीवर ठेवला आणि पडद्यात एकोणीस चौकोन उघडले. त्यांतल्या सातांत पुरुष. एक तर अर्ध्या चड्डीत.

"अगं बया!" म्हणत काकूंनी फोन उचलला, फळीवर लोणच्याच्या बरणीला टेकवला, पदर सारखा केला आणि फोटोला बसावं तशा माझ्यावर ताठ बसल्या. आता चौकोनात त्यांचा फक्त चेहरा आणि खांदे होते.

"काकू, फोन जरा खाली घ्या ना."

"राहीना गं, घसरून राह्यलाय."

संध्याने एकदा विचारलं. मग तिला आणखी अठरा जण होते.

"उठा" म्हटलं की काकू मान उंच करायच्या, "बसा" म्हटलं की हनुवटी खाली घ्यायच्या. शेवटी संध्या विचारी, "झालं का, काकू?" काकू म्हणत, "झालं." सगळ्यांकडून टाळ्यांची चित्रं यायची. मान हलवल्याबद्दल टाळ्या घेणारे लोक मी टीव्हीवर पाहिले होते, घरात प्रथमच पाहत होते.

संध्याकाळी बहिणीचा फोन येई. पुष्पाबाई एकदा म्हणाल्या, "मंग सांग की तिला. गडीमाणसांसमोर मला न्हाई जमत म्हणून."

"सांगणार हाय. पण पोरगी सगळ्यांसमोर माझं नाव घेती गं. साठीत पण जमतं म्हणती. तिचं मन मोडल."

"आन् माझं?" पुष्पाबाई हसल्या. "केसांच्या काड्या झाल्या. ये जल्दी."

महिना झाला. संध्याचं ऑनलाइन शिबिर होतं, ती आली नाही. दुसरा महिना गेला. काकू माझ्यावर पाण्याची कळशी ठेवू लागल्या, वर्गापुरती ती उतरवायच्या. मला ओरडून सांगायचं होतं. आम्हा खुर्च्यांना चार पाय देतात, तोंड देत नाहीत.

मग एका दुपारी भाच्याचा फोन आला. "मावशी, आई कालपासून पाणी पिऊन न्हाई राह्यली. तुझं नाव घेती."

काकूंनी भारतला फोन केला. भरलेली जीप दारात आणून त्याने हॉर्न वाजवला. काकू भिंत धरत आल्या. दार धरलं, पाय उचलला. तो वीतभर वर गेला, थरथरला आणि खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा आला.

"मावशी, थांबा," म्हणत भारतने मला घरातून आणलं आणि पायरीशी ठेवलं. "हिच्यावर बसा. आम्ही चौघं खुर्चीसकट आत घेतो."

काकूंनी आत पाहिलं. दहा-बारा माणसं दाटीने बसलेली, सगळी त्यांच्याकडे बघत होती. "मी काय सरकीची गोणी हाय का?" त्या म्हणाल्या. "जा तुम्ही. मी उद्या येईन."

"उद्या नका म्हणू, मावशी."

"जा म्हणलं ना."

जीप गेली. काकू रस्त्याच्या कडेला माझ्यावर बराच वेळ बसून होत्या. हरिओमने फोनवर सांगितलं, "आई, सकाळी जालन्याहून गाडी पाठवतो. खालची गाडी, चढावं लागणार नाही." गाडी बरोबर आठला आली. पुष्पाबाई पहाटेच गेल्या होत्या.

तेराव्यानंतर संध्या आली. हे तिला हरिओमकडून कळलं होतं. माझ्यावरची कळशी तिने पाहिली, उचलून बाजूला ठेवली, आणि कळशीच्या बुडाचा गंजलेला गोल डाग अंगठ्याने घासत राहिली.

"काकू, तुम्ही रोज म्हणत होत्या, झालं."

"म्हणत होते." काकू पलंगावर होत्या. "पण तोंडच दाखवीत होते, बाई. त्या माणसांसमोर न्हाई झालं माझ्यानं."

"मला का नाही सांगितलं?"

"तू खुशीत होती."

संध्या रडली, आणि काकूंनीच तिला पाणी दिलं. त्यासाठी त्यांना पलंगावरून उठावं लागलं. दोन्ही हात टेकून, तीन वेळा प्रयत्न करून.

आता संध्याने बायकांचा वर्ग वेगळा केला आहे. सुरू करण्याआधी ती प्रत्येकीला म्हणते, "आधी पाय दाखवा." काकूंकडे ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी स्वतः येते. काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आता कुठं जायचंय मला?" संध्याने मला पलंगाजवळ ओढलं. खोटं उत्तर तिला देता आलं असतं.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी पडद्यावर तुम्हाला रोज "बरं आहे" म्हणत असेल. आजी असेल, मामा असेल. त्यांचा चेहरा बरा दिसतो, कारण तो दाखवण्यासाठी त्यांनी केस विंचरलेले असतात. कधीतरी जाऊन त्यांना उठून चालताना बघा. लांब असेल तर फोन खाली ठेवायला सांगा, आणि घसरतोय म्हणाले तर पुन्हा सांगा. मी सगळं बघत होते आणि काही करू शकले नाही. तुम्हाला निदान तोंड आहे.

आज मंगळवार. काकू साडेतीनपासून माझ्यावर बसल्या आहेत, तोंड दाराकडे. फाटक वाजलं. त्या पुढे झुकल्या, हात छातीशी घेतले. माझ्यावरचा भार एका बाजूला कलला, हलका झाला, आणि उतरला. खुर्चीला याचा आनंद व्हावा, हे आमच्या बिरादरीत कुणाला पटणार नाही.

"एक," संध्या दारातूनच म्हणाली.